व्यक्ती क्रमांक दोन

"उलटी झाली का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. मान हलवायला नको होती. उजव्या भुवईच्या वर कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर टेकवून सावकाश पिळत होतं.

"मग अजून तासभर आहे. उलटी झाली की सुटशील," शेट्ये मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दिवा बंद केला.

महाडच्या एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. विकलेल्या प्रत्येक बॅचचा थोडा माल जिथे जपून ठेवतात, त्या खोलीत मी खाली फरशीवर बसले होते. खोलीला खिडकी नव्हती, एसी अखंड चालू असायचा आणि सॉल्व्हंटचा वास तिथपर्यंत पोहोचत नव्हता. लॅबमधून पळून लपायला मला ती जागा सुचली होती. शेट्ये मॅडम तिथे सरळ, न शोधता आल्या, याचं आश्चर्य मला नंतर वाटलं.

"कुठली बाजू?"

"उजवी."

"माझी डावी. म्हणजे दोघींचं मिळून एक अख्खं डोकं चांगलं आहे." त्या एका उपड्या पिंपावर बसल्या. "आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड येतो का? अर्धं दिसेनासं होतं?"

"कधीकधी. तुम्हालाही होतं?"

"बावीस वर्षं. अर्धशिशी म्हणायची आमची आई. तिलाही होती."

आमच्या लॅबच्या त्या प्रमुख. त्यांची सही झाल्याशिवाय एकही बॅच फाटकाबाहेर जात नसे. गेल्या चार महिन्यांत मी त्यांना कपाळाला हात लावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आपली ओढणी काढली, तिची घडी करून माझ्या डोक्याभोवती करकचून बांधली आणि गाठ बरोबर त्या स्क्रू ड्रायव्हरवर आणली.

"कुणाला बोलायचं नाही. तुझंही आणि माझंही," त्या म्हणाल्या. "इथे बाईचं डोकं दुखतं म्हटलं की दोनच अर्थ निघतात. कामचुकार आहे, नाहीतर घरी भांडून आली. आणि मुळीक सरांना माझं कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर मी नसेन. मुलगी बारावीला आहे माझी. घरात कमावणारी मी एकटी."

"नाही सांगणार, मॅडम."

"झोप आता. रजिस्टर मी बघते."

मी खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त लिहिलं.

ते असं झालं. पुढच्या महिन्यात मी पुण्याला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या, वेदनाशामक महिन्यात किती दिवस घ्यायचं याची मर्यादा घालून दिली आणि म्हणाले, "एक वही ठेव. झोप किती, जेवण कधी, चहा किती, पाळी, वास, उजेड, सगळं लिही. आणि मन. मनाला रोज दहापैकी गुण दे. अर्धशिशी आणि उदासी या दोघी एकमेकींकडे राहायला जातात. कोण पाहुणी आणि कोण घरची, ते लिहिल्याशिवाय कळत नाही."

मला हे काम फार आवडलं. लॅबमध्ये रुजू झाल्यावर पहिला धडा दिला होता तो हाच: जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. दुसरा धडा होता की लिहिलेलं पान फाडायचं नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही, तारीख. मी शंभर पानी वही आणली, पानांना क्रमांक घातले, रकाने आखले. निळं पेन. वेळ मिनिटांत.

दोन महिन्यांत माझं मला कळलं. चौदा वेळा डोकं दुखलं होतं, त्यातल्या नऊ वेळा आदल्या दिवशी झोप पाच तासांपेक्षा कमी होती. पहिल्या पाळीला मी न खाता निघायचे आणि दहाला कँटीनचा चहा प्यायचे, ते दिवस वाईट जायचे. मनाचे गुण डोकं दुखायच्या आदल्याच दिवशी घसरत होते. म्हणजे मी डोकं दुखतं म्हणून रडत नव्हते, उदासी हीच दुखण्याची पहिली पायरी होती. हे पाहून मला रडू येण्याऐवजी आनंद झाला. मी तशी होते.

पण एका व्यक्तीच्या नोंदींवरून काहीही म्हणता येत नाही, हे एम.एस्सी.त शिकले होते. आणि दुसरी व्यक्ती माझ्यासमोर बारा फुटांवर, काचेच्या केबिनमध्ये, माझ्याकडे पाठ करून बसत होती.

मी उजव्या पानावर नवे रकाने आखले. वर लिहिलं: व्यक्ती क्रमांक दोन.

मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या सावध झाल्या असत्या आणि नोंदी बिघडल्या असत्या, असं मी स्वतःला सांगितलं. शास्त्र म्हणून त्यात काही चूक नव्हती.

एकदा नजर बसली की त्या किती उघड्या होत्या! केबिनमधली एक ट्यूबलाइट बंद झाली, की अर्ध्या तासात बामचा वास. जेवणाचा डबा न उघडता परत. आवाज हळू, वाक्यं लहान. हजेरीच्या रजिस्टरवरून ड्यूटीचे तास मिळत होते. एक केमिस्ट सोडून गेल्यापासून मुळीक सर त्यांना आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, सलग दोन पाळ्या करायला लावत होते. एकदा त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं. नाव शोधलं. त्या गोळ्या अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून देतात आणि उदासीवरही देतात. मी लिहिलं: "रोजची गोळी, उदासीची?" मनाचा रकाना अंदाजाने भरत होते. बहुतेक दिवस तीन. दोनही.

मला त्यांचं वाईट करायचं नव्हतं. उलट होतं. त्यांना अकरा वेळा त्रास झाला होता आणि त्यातले आठ दिवस सोळा तासांच्या ड्यूटीनंतरचे होते. मी तो आलेख एका रविवारी काढला, रंगवला. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांना देणार होते. म्हणणार होते, मॅडम, हे मुळीक सरांपुढे ठेवा. आकड्यांना कुणी कामचुकार म्हणू शकत नाही.

सप्टेंबरात तक्रार आली. माल घेणाऱ्या एका कंपनीला आमच्या बॅचमध्ये एक अनोळखी घटक सापडला होता. फार थोडा, पण मर्यादेच्या वर. आमच्याच तपासणीच्या आलेखावर त्याचं टोक होतं, पायथ्याशी, डाव्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढं. कुणी पाहिलं नव्हतं. रात्रपाळीच्या केमिस्टने आलेख काढला होता, पण शेवटची तपासणी आणि सही शेट्ये मॅडमची होती. ९ ऑगस्ट.

त्या कंपनीचा ऑडिटर येणार त्याच्या आदल्या दिवशी मुळीक सरांनी सगळ्यांना उभं केलं. ते गुणवत्ता विभागाचे मुख्य, दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. "ड्रॉवर रिकामे पाहिजेत. खासगी कागद एक दिसता कामा नये. वाण्याची यादीसुद्धा नको."

"आणि प्रेमपत्रं, सर?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तुला लिहिणारी असेल तर तिलाच दाखव ऑडिटरला," शेट्ये मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. त्या हसल्या की त्यांचा डावा डोळा जरा बारीक व्हायचा. मी ते मनात टिपून घेतलं.

वही मी पिशवीत घातलीही होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मान आखडली, जांभयांवर जांभया यायला लागल्या. हे माझं लक्षण होतं, सात-आठ तासांत डोकं उठणार. वेळ लिहायला हवी होती. मी वही काढली, ७:५० लिहिलं आणि ती तिसऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

ऑडिटर पन्नाशीचा, मवाळ माणूस होता, इंग्रजीत बोलत होता. त्याने कचऱ्याचे डबे पाहिले. मग ड्रॉवर उघडायला लागला.

वही त्याने उभ्यानेच चाळली. मराठी त्याला येत नव्हती, पण तारखा, वेळा आणि एका रेघेने खोडून केलेल्या सह्या कुठल्याही भाषेत वाचता येतात. "हे फार शिस्तीत लिहिलंय," तो म्हणाला. त्याला ते खरंच आवडलं असावं. मग त्याने मुळीक सरांना बोलावलं आणि ९ ऑगस्टच्या ओळीवर बोट ठेवलं.

मुळीक सरांनी आधी मनात वाचलं. मग मोठ्याने इंग्रजी करून सांगितलं. मूळ माझं असं होतं:

"९ ऑगस्ट. व्यक्ती २. ११:२० नागमोडी उजेड, डावीकडचं दिसत नाही (स्वतः म्हणाल्या). गोळ्या २. ११:४० सही करत आहेत. मन (अंदाजे) २."

वाचून झाल्यावर मुळीक सरांनी श्वास सोडला. तो सुटकेचा होता, हे मला कळायला बरेच दिवस लागले.

दुपारी साडेतीनला मला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. टेबलापलीकडे ऑडिटर, मुळीक सर आणि एचआरच्या एक बाई. मधे माझी वही उघडी.

"गौतमी, व्यक्ती दोन कोण?" मुळीक सरांनी विचारलं.

भिंतीवर मोठं घड्याळ होतं. मी सेकंदकाट्याकडे पाहत होते, म्हणून मला माहीत आहे की मी चार सेकंद घेतले.

"शेट्ये मॅडम."

त्यांना आत बोलावलं. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. वही पाहिली, अक्षर ओळखलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुम्हाला मायग्रेन आहे?" मुळीक सर.

"आहे."

"कंपनीला कधी सांगितलं नाहीत."

"सर, तुम्ही तुमची शुगर सांगितलीत?"

एचआरच्या बाई पुढे झुकल्या. त्यांचा आवाज मुद्दाम मऊ केलेला होता. "मॅडम, यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुम्ही मनाच्या गोळ्या घेता का?"

"त्या मला डोक्यासाठी दिल्यात."

"इथे मनाला दोन गुण आहेत. दहापैकी."

"हो का?" मॅडम म्हणाल्या. "परीक्षा कधी झाली माझी?"

कुणी हसलं नाही. ऑडिटरने मुळीक सरांना हळूच काहीतरी विचारलं. ते मॅडमकडे वळले. "अकरा वीसला तुम्हाला डावीकडचं दिसत नव्हतं. टोक आलेखाच्या डाव्या बाजूला आहे. अकरा चाळीसला तुम्ही सही केलीत."

"केली नाही. डोळे गेले की मी थांबते. दर वेळी थांबते."

"वहीत लिहिलंय."

"मी सांगतेय ना, सर."

"मॅडम, वहीत लिहिलंय." मग माझ्याकडे: "गौतमी, ही नोंद तुझी? त्याच वेळी केलेली?"

"हो."

"आणखी काही सांगायचंय तुला?"

त्याच ओळीत शेवटचा रकाना होता. ड्यूटीचे तास, आदल्या दिवशी: १६. त्यावर मुळीक सरांचा अंगठा होता. पान धरायला माणूस ठेवतो तसा, सहज. मागच्या पानांमध्ये माझा रंगवलेला आलेख घडी करून ठेवलेला होता. सात पन्नासला सुरू झालेलं आता डोळ्यांत उतरलं होतं. मुळीक सरांचा अर्धा चेहरा, खिडकी, ऑडिटरचा खांदा यांच्या जागी नागमोडी उजेड थरथरत होता.

"नाही," मी म्हणाले.

अहवाल आठवड्यात आला. कारण: मानवी चूक, कर्मचाऱ्याने लपवलेला आजार. उपाय: सर्व केमिस्टनी आपण मनाने स्वस्थ असल्याचं लिहून द्यावं. वही पुरवणी म्हणून अहवालाला जोडली गेली. दोन पाळ्या तशाच चालू राहिल्या, कारण आता आणखी एक माणूस कमी होणार होतं. शेट्ये मॅडमना राजीनामा द्यायला सांगितलं. तो त्यांनी दिला.

शेवटच्या दिवशी त्या किल्ल्या द्यायला आल्या तेव्हा मी त्या बिनखिडकीच्या खोलीत होते. डोकं दुखत नव्हतं. नुसतीच बसले होते. त्या आत आल्या आणि उपड्या पिंपावर बसल्या.

"मॅडम, मी खोटं नव्हतं लिहिलं."

"अकरा चाळीसला काय पाहिलंस ते सांग," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नवीन केमिस्टकडून पद्धत वदवून घेतात तशा. "दिसलं तेवढंच."

"तुम्ही फाईल उघडून बसला होतात. मान खाली. हातात पेन."

"पेन कागदावर टेकलं होतं?"

मी आठवू लागले. काच, खुर्ची, त्यांची पाठ, उजव्या कोपरापाशी वर आलेलं पेनचं टोपण.

"पाठ दिसत होती," मी म्हणाले.

"म्हणजे सही पाहिली नाहीस."

"नाही."

"डोळे जातात तेव्हा मी तशीच बसते. फाईल उघडायची, पेन धरायचं, मान खाली. काचेतून बघणाऱ्याला काम चाललंय असं वाटलं पाहिजे. नाहीतर विचारायला येतात. बावीस वर्षांत कुणाला शंका आली नाही. दिसायला लागलं की वर पंधरा मिनिटं थांबते आणि मग सही करते. त्या दिवशी बारा दहाला केली."

सहीखाली आम्ही तारीख घालायचो. वेळ घालायची पद्धत नव्हती.

"मग ते टोक?"

"सुटलं. बारा दहाला, दोन्ही डोळे चांगले असताना सुटलं. आदल्या दिवशी सोळा तास, घरी चार तास झोप, परत सातला हजर. तांदळाएवढं टोक, कुणाचंही सुटलं असतं. हेच मी त्यांना सांगणार होते, की माझं डोकं नाही, तुमचं वेळापत्रक बघा. पण त्यांना तुझी वही मिळाली. आजार मिळाला म्हटल्यावर वेळापत्रक कोण बघतंय?"

"त्यात सोळा तासांचाही रकाना होता, मॅडम. अकरापैकी आठ वेळा. मी आलेख काढला होता. तुमच्यासाठीच काढला होता."

त्यांचा चेहरा इतका वेळ सपाट होता. तो आता बदलला.

"तिथे होता? त्या टेबलावर?"

"हो."

"त्यांनी तुला विचारलं, आणखी काही सांगायचंय का."

"हो."

"मग?"

"मला तेव्हा अटॅक येत होता. उजवीकडचं दिसत नव्हतं."

त्या मग उठल्या, ओढणी खांद्यावर सारखी केली.

"त्यात डोळे जातात गं," त्या म्हणाल्या. "जीभ जात नाही."

जाताना त्यांनी दिवा बंद केला. सवयीने केला असावा.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या कारखान्यात, काचेच्या केबिनमध्ये बसते. आमच्याकडे सहीखाली वेळ घालतात. ती पद्धत मी सुरू केली आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं. डोकं महिन्यातून तीनदा दुखतं. रोजची गोळी मीही घेते, तीच. मनाने स्वस्थ असल्याचा फॉर्म इथेही भरून घेतात, त्यावर दरवर्षी "स्वस्थ" लिहिते.

मॅडम गेल्या त्या संध्याकाळी मी नवी वही घेतली होती. पानांना क्रमांक घातले, रकाने आखले. जुनी वही माझ्या हातात नव्हती, म्हणून तिच्यातली चूक एका रेघेने खोडता आली नाही. पहिल्या पानावर दोन नोंदी नव्याने केल्या आणि शेजारी सही, तारीख घातली. त्या वहीत पुढे काही लिहिलं नाही. तेवढ्याच नोंदी आहेत:

"९ ऑगस्ट, ११:४०. व्यक्ती २. पाठ दिसते. हातात पेन. सही: पाहिली नाही."

"१८ सप्टेंबर, १५:५०. व्यक्ती १. दृष्टी: अर्धी. वाचा: पूर्ण."